घोड्याच्या नालेची मोटार

आमच्या बीडच्या घरी अंगणात, पारिजातकाच्या झाडाखाली, एक फियाट उभी असते. 'उभी असते' असे मुद्दाम म्हणते, कारण ती धावते कमी आणि उभी जास्त. मामंजींनी ती १९८२ साली घेतली. नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेली गाडी! कागदावर तिचे नाव प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या गल्लीत तिला कुणी कधी पद्मिनी म्हटले नाही. फियाट ती फियाटच. मामंजी गेले, त्यांची काठी गेली, चष्मा गेला, फियाट मात्र राहिली. दर दिवाळीला माळ्यावरचा पसारा काढला की तिचाही विषय निघतो. "भंगारात दिली तर चार पैसे तरी येतील," असे आमचे 'हे' म्हणतात, आणि आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई) देवघरातूनच म्हणतात, "मी आहे तोवर नाही."

अशाच एका दिवाळीत पुण्याचा पुतण्या आला होता. त्याला मोटारींचे भारी वेड. जेवता जेवता त्याने एक चित्र दाखवले. लांबुडके निळे अंग, अंगाबाहेर निघालेली चाके, टप नाही, चिखल अडवायला मडगार्ड नाही, आणि तोंडाशी घोड्याच्या नालेच्या आकाराची जाळी.

"काकू, ही बुगाटी. शंभर वर्षांपूर्वीची फ्रेंच शर्यतीची गाडी. जे. आर. डी. टाटांकडे मुंबईत बुगाटी होती, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हते. मी सहज विचारले, "हिचे गिअर कुठे आहेत रे? आत तर काही दिसत नाही."

त्यावर आमचे हे हसून म्हणाले, "तुला काय करायचेत गिअर? तू जरा लोणचं वाढ."

लोणचे वाढले. पण तो प्रश्न काही मनातून जाईना. माणसाला काही गोष्टी लागतात त्या मोठ्या असतात म्हणून नव्हे, तर हसून उडवल्या जातात म्हणून. दुपारची निजानीज झाली की मी वाचायला बसू लागले, आणि त्या नालेच्या तोंडाच्या मोटारीमागे किती बायका उभ्या आहेत हे पाहून थक्क झाले. तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

सुरुवात करायची ती जे. आर. डीं.च्या आईपासून. त्यांचे माहेरचे नाव सुझान ब्रिएर. पॅरिसची मुलगी. रतनजी दादाभाई टाटांशी १९०२ साली त्यांचे लग्न झाले. (हे रतनजी म्हणजे जमशेटजींचे नात्यातले आणि धंद्यातले सहकारी. जमशेटजींच्या मुलाचे नावही रतनजी, त्यामुळे वाचताना माझा दोनदा घोटाळा झाला, तुमचा होऊ नये.) सुझानबाईंनी पारशी धर्म स्वीकारला, सासरचे नाव घेतले 'सूनी'. नव्या सुनेला नवे नाव ठेवायची रीत आपल्याकडची, ती या फ्रेंच मुलीच्याही वाट्याला आली. मुंबईत त्यांनी मोटारीचे चाक हातात धरले. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचेच नाव घेतात आणि साल सांगतात १९०५. त्या काळी मुंबईत मोटार दिसली की घोडे बुजत. त्यात चालवणारी बाई! बघ्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पनाच करावी.

पण त्यांचे नाव गाजले ते मोटारीपेक्षा एका खटल्यामुळे. परधर्मातून आलेल्या या सुनेला अग्यारीत आणि दोखम्याच्या जागी हक्क आहे की नाही, यावरून पारशी समाजात मोठी खळबळ झाली आणि प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. १९०८ साली निकाल लागला तो त्यांच्या बाजूने नव्हता. धर्म घेतला, नाव घेतले, घर चालवले, पाच मुले वाढवली. तरी समाजाच्या धर्मनिधीवर हक्क नाही! मला तर वाटते, रस्त्यावर मोटार हाकणे त्या बाईला त्यामानाने सोपे गेले असेल. रस्ता निदान कुणाची सून म्हणून विचारीत नाही.

सुझानबाई १९२३ साली वारल्या, जेमतेम त्रेचाळिशीत. पण तोवर थोरल्या मुलाच्या डोक्यात वेगाचे बीज पडून चुकले होते. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो नावाच्या गावी टाटा कुटुंबाचे सुट्टीचे घर होते. शेजारी कोण, तर इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा लुई ब्लेरिओ! त्याची विमाने तिथल्या वाळूवर उतरत. लहानगा जहांगीर ती डोळे विस्फारून बघे. पुढे त्याने फ्रेंच सैन्यात घोडदळात नोकरीची सक्तीची मुदत काढली. वडील १९२६ साली गेले आणि बाविशीचा हा मुलगा मुंबईच्या टाटांच्या कारभारात ओढला गेला. फ्रेंच बोलणारा, मुंबईत काहीसा एकटा, मागे भावंडांची जबाबदारी. अशा पोराने मन रमवायला काय घेतले? तर बुगाटी.

आता ही बुगाटी म्हणजे काय चीज होती ते सांगते, कारण मला यातच खरी गोडी लागली.

एत्तोरे बुगाटी हा मूळचा इटलीतल्या मिलानचा, जन्म १८८१. वडील कार्लो नामांकित लाकूडकाम करणारे. त्यांच्या खुर्च्या-कपाटे आज संग्रहालयांत आहेत. धाकटा भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांचे ओतीव पुतळे करी. अशा घरातला मुलगा मोटारीकडे वळला, तेव्हा ती नुसती धावून चालणार नव्हते, ती डोळ्यांनाही भरायला हवी होती. १९०९ साली त्याने आल्सास प्रांतात मोल्सहाइम या गावी कारखाना काढला. तो प्रांत तेव्हा जर्मनीत होता. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला. म्हणजे इटालियन माणूस, जर्मन मुलूख, आणि गाडी मात्र जगभर फ्रेंच म्हणून मिरवली. फ्रेंच शर्यतीच्या गाड्यांचा रंग निळा, म्हणून चित्रातली बुगाटी बहुधा निळीच दिसते.

तिच्यातली सगळ्यांत नावाजलेली गाडी म्हणजे 'टाइप ३५'. १९२४ साली लिओंच्या शर्यतीत ती पहिल्यांदा उतरली. दोन लिटरचे इंजिन, त्यात ओळीने आठ सिलिंडर. आमच्या फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे आणि सिलिंडर चार, आणि तीसुद्धा थंडीच्या सकाळी चोक ओढून, हात जोडून सुरू करावी लागते! बुगाटीचे वजन साडेसातशे किलोच्या आसपास, म्हणजे फियाटपेक्षाही हलकी. चाके तारांची नव्हेत, ओतीव अॅल्युमिनियमची, आठ चपट्या आऱ्यांची, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. चाक काढले की ब्रेक हातात! मला हे वाचून आपल्या जुन्या काळच्या बायका आठवल्या, एका भांड्यात दोन कामे उरकणाऱ्या.

ती चालवायची कशी, हे ऐकून तर तुम्हाला स्वयंपाकघरातच आल्यासारखे वाटेल. पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे. मधे पेट्रोल ढकलायला आजच्यासारखा आपोआप चालणारा पंप नाही. मग समोरच्या फळीवर हाताने दाबायचा हवेचा पंप असे. तो दाबून टाकीत हवा भरायची, त्या दाबाने पेट्रोल पुढे जायचे. अहो, हा तर आपला प्राइमस स्टोव्ह! आपण इतकी वर्षे पंप मारून, पिन घालून, कान देऊन तो भुरभुर आवाज ऐकला, की दाब कमी झाला की लगेच कळते. शर्यतीत शेजारी बसलेला मेकॅनिक हेच करीत असे. ठिणगी लवकर पाडायची की उशिरा यासाठी आणखी एक दांडी. आणि माझा तो लोणच्याच्या वेळचा प्रश्न! गिअरची दांडी गाडीच्या आत नाहीच, ती उजव्या अंगाला, बाहेर. हातब्रेकही बाहेरच. म्हणून तर मला चित्रात ती आत दिसली नव्हती. रात्री हे सांगितले तेव्हा ह्यांनी पेपरातून मान वर करून "असं का?" एवढेच म्हटले. तेवढ्याने माझे पुष्कळ समाधान झाले.

ब्रेक मात्र तारेचे. तेलाच्या दाबाचे ब्रेक तोवर दुसऱ्या गाड्यांना येऊ लागले होते, पण बुगाटीसाहेब तारेवर अडून बसले. ब्रेकची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला 'मी गाड्या धावायला करतो, थांबायला नाही' असे त्यांनी सुनावल्याची गोष्ट सांगतात. ऐकायला मोठी मजेदार. पण ज्या बाईचा नवरा किंवा मुलगा अशा गाडीतून संध्याकाळी घरी यायचा असेल तिला विचारा, हसू येते का.

शिवाय खर्च. इंजिनातला मुख्य दांडा छऱ्या-रुळांच्या बेअरिंगवर फिरे. ते झिजले की इंजिन पार उलगडून बांधावे लागे. म्हणजे सोन्याच्या दागिन्याला घडणावळ दरवर्षी भरायची तसा प्रकार. ही गाडी कुटुंबाची नव्हे. तिच्यात पोरे बसत नाहीत, डबा ठेवायला जागा नाही, पावसात छत नाही, आणि साडीचा पदर उघड्या चाकाशी जाऊ नये म्हणून जन्मभर सावध राहावे लागेल. पैसा आणि रिकामी संध्याकाळ ज्याच्याकडे आहे अशा तरण्याबांड पुरुषासाठी केलेली वस्तू.

मुंबईत जे. आर. डी. नेमके तसेच होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना विमान चालवण्याचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिलाच, क्रमांक एक. जमिनीवर मात्र त्यांच्या वेगाने त्यांना एकदा अडचणीत आणले. बुगाटी फार जोरात हाकल्याच्या आरोपावरून पोलिसांनी धरले, आणि बचावाला त्यांनी जॅक विकाजी हे त्या वेळचे गाजलेले वकील दिले. या वकीलसाहेबांची एक पुतणी होती, थेल्मा. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. १५ डिसेंबर १९३० रोजी थेल्मा विकाजी थेल्मा टाटा झाल्या.

ही गोष्ट सांगताना सगळे हसतात, मीही हसले. एखाद्या चित्रपटाला शोभावी अशीच ती आहे. पण दोन मुले मोटारसायकलवर घराबाहेर सोडणारी आई म्हणून मला तिच्याकडे नुसती प्रेमकथा म्हणून बघवत नाही. जोरात गाडी हाकून पकडला गेला आणि बायको मिळाली, असे भाग्य एखाद्याच टाटाचे. आमच्या धुळे-सोलापूर रस्त्यावर जोरात हाकणाऱ्यांना काय मिळते ते गेवराईपासून चौसाळ्यापर्यंतची घरे जाणतात.

जे. आर. डीं.चा वेग पुढे कामी आला तो आकाशात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते स्वतः लहानसे विमान चालवीत मुंबईला जुहूला उतरले, आणि देशातली विमानसेवा सुरू झाली. त्याच १९३२ साली आमच्याकडे काय होते? आमचे बीड तेव्हा निजामाच्या मुलुखात. त्या वर्षी निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्त्याची वाहतूक सुरू केली, त्याचेच केवढे अप्रूप! बीड शहरात रेल्वे यायला तर २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. आत्याबाई सांगतात, त्यांची सासू माहेरी जायची ती बैलगाडीने, मुक्काम करीत करीत. मोटार चालवणारी बाई त्या म्हाताऱ्यांनी स्वप्नातही पाहिली नसेल.

पण त्याच वर्षांत युरोपात दोन बायका याच बुगाटीचे चाक फिरवीत होत्या. त्यांची हकीकत वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते.

एक चेकोस्लोव्हाकियातली, एलिश्का युंकोवा. जन्म १९००. तिचा नवरा चेन्येक बँकेत अधिकारी, त्याला शर्यतींचा नाद. पण पहिल्या महायुद्धात त्याच्या हाताला गोळी लागलेली, गिअर टाकताना हात साथ देईना. एलिश्का आधी त्याच्या शेजारी बसे. पुढे तिनेच चाक घेतले. १९२८ साली सिसिली बेटावर 'टार्गा फ्लोरिओ' नावाची शर्यत झाली. घाटांचा, वळणांचा १०८ किलोमीटरचा फेरा, असे पाच फेरे. युंकोवा आधी जाऊन तो सगळा रस्ता बारकाईने पाहून आली, वाटेतली झाडे, भिंती, दगड यांच्या खुणा मनात बांधून आली. आपण नाही का, लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन चुली कुठे, पाण्याचा नळ कुठे, पंगत कुठे, सगळे बघून ठेवतो! पुरुषांना तेव्हा हे सुचले नव्हते. दुसऱ्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढे होती. सगळ्या नामांकित पुरुषांच्या! शेवटी गाडीने त्रास दिला आणि ती पाचवी आली.

आणि दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, जर्मनीत एका शर्यतीत चेन्येक अपघातात गेला. तिने शर्यती त्याच दिवशी सोडल्या. गाड्या विकून टाकल्या. बुगाटीने तिला प्रवासासाठी एक नवी गाडी दिली, ती घेऊन ती सिलोनपर्यंत आली होती. इकडच्या भागात गाड्यांना गिऱ्हाईक आहे का तेही बघायचे काम त्याने तिला दिले. ती जगली मात्र पुष्कळ. १९९४ च्या जानेवारीत, त्र्याण्णवाव्या वर्षी वारली. जे. आर. डी. त्याच्या आदल्याच नोव्हेंबरात गेले होते. बुगाटीची हौस केलेली दोन माणसे, आणि पाच-सहा आठवड्यांचे अंतर.

दुसरी फ्रान्सची, हेल्ले नीस. गावातल्या पोस्टमनची मुलगी. पॅरिसमध्ये नाचाचे कार्यक्रम करी. बर्फावर घसरताना गुडघा दुखावला, नाच सुटला, आणि ती मोटारीकडे वळली. १९२९ च्या जूनमध्ये बायकांची शर्यत जिंकली, आणि त्याच डिसेंबरात बुगाटीतून ताशी १९० किलोमीटरहून अधिक वेगाचा विक्रम केला. वर्तमानपत्रांत फोटो, जाहिराती, पैसा. १९३६ साली ब्राझीलमध्ये शर्यतीत तिची गाडी गर्दीत घुसली. त्यात माणसे मेली, ती स्वतः मरता मरता वाचली. युद्धानंतर १९४९ साली एका मेजवानीत लुई शिरों या नामवंत शर्यतवीराने सगळ्यांसमोर उठून तिच्यावर आरोप केला की ही जर्मनांची हेर होती. पुरावा काही नाही. आजवर सापडलेला नाही. पण एका पुरुषाने भर सभेत बोट दाखवले एवढे पुरे झाले. कामे गेली, मित्र गेले, घरच्यांनी तोंड फिरवले. १९८४ साली ती नीस गावात एका लहानशा खोलीत, दुसऱ्यांच्या धर्मादायावर जगत, वारली. बायकांच्या पायाखालची वाळू किती पटकन सरकते पाहा. शिरोंचे नाव मात्र आजही बुगाटी कंपनीच्या महागड्या गाडीवर दिमाखात आहे!

आणि आपल्याकडे? बुगाटी चालवणारे जे. आर. डी. टाटासमूहाचे प्रमुख असताना, १९७४ साली, त्यांच्याच टेल्को कंपनीच्या जाहिरातीत छापले होते की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने ते वाचून थेट जे. आर. डीं.नाच पोस्टकार्ड टाकले. तिला पुण्यात मुलाखतीला बोलावले, आणि ती तिथली पहिली स्त्री इंजिनिअर झाली. त्याच आज आपल्या सुधा मूर्ती. ज्यांच्या आईने १९०५ साली मुंबईत मोटार हाकली, त्यांच्याच कंपनीत मोटारी बनवायच्या खात्यात बाई यायला एकोणसत्तर वर्षे आणि एक पोस्टकार्ड लागले. मला जे. आर. डीं.विषयी आदर आहे, म्हणूनच हे लिहिते.

असो. एवढे सगळे वाचून झाल्यावर एका सकाळी मी आत्याबाईंना म्हटले, "आत्याबाई, मी फियाट शिकू का?"

त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "शिक की. मला कपिलधारला ने मग. ह्याला किती वर्षं सांगतेय."

सेहेचाळिसाव्या वर्षी शिकणे म्हणजे काही गंमत नाही हो. शिकाऊ परवाना काढला. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी परीक्षा देता येते. शिकवायला कोण? ह्यांनी दोन दिवस शिकवले. तिसऱ्या दिवशी आमचे बोलणे बंद झाले. (नवऱ्याकडून मोटार शिकू नका. पैसे भरून बाहेर शिका, संसार टिकेल.) पुढे शिकवणीची बाई मिळाली, गावाबाहेरच्या मैदानात तिने मला घडवले. फियाटचा गिअर चाकाखालच्या दांडीला. डाव्या हाताने ओढताना पहिले काही दिवस मला जात्याचा खुंटाच आठवायचा. शेजारच्यांच्या कुंपणाची एक वीट मी मागे घेताना पाडली. ती मीच बसवून दिली, सिमेंट कालवून. गल्लीत पंधरा दिवस तोच विषय.

आश्विनात, सीताफळे आली तेव्हा, आत्याबाईंना घेऊन कपिलधारला गेले. मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन झाले, धबधबा पाहिला, बालाघाटाच्या डोंगरातली दोन टोपल्या सीताफळे मागच्या सीटवर ठेवली. हे शेजारी बसलेले, मांडीवर डबा. परतताना मांजरसुंब्याचा उतार लागला. पुढे उसाच्या तोडणीला निघालेल्या मजुरांचा ट्रॅक्टर, वर बायकापोरे, भांडी, कोंबड्या. मी ब्रेक दाबत दाबत त्याच्या मागे उतरू लागले, आणि पाचेक मिनिटांनी पायाखाली ब्रेक मऊ लागला. दाबावा तर लोण्यात पाय गेल्यासारखा. करपट वास आला. फियाटला चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. उतारावर सारखे दाबले की तापतात आणि धरेनासे होतात.

हे ओरडले, "ब्रेक दाब, ब्रेक!"

मला त्या क्षणी कोण आठवले सांगू? तारेच्या ब्रेकवर घाट उतरणारी युंकोवा. ब्रेकवरचा पाय काढला. दांडी ओढून दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिन ओरडले, गाडीला हिसका बसला, दोन सीताफळे पुढे येऊन आत्याबाईंच्या पायाशी फुटली. पण वेग पडला. गिअरच्याच जोरावर हळूहळू उतरले, हातब्रेक थोडा थोडा धरला, आणि पालीच्या अलीकडे रुंद जागा पाहून कडेला उभी केली. ब्रेक निवेपर्यंत अर्धा तास थांबलो. कोणी काही बोलले नाही. ट्रॅक्टरवरची एक पोरगी लांब जाईपर्यंत हात हलवीत होती.

आत्याबाईंनी फुटलेले सीताफळ उचलले, गर काढून माझ्या हातावर ठेवला. "हात थरथरतोय तुझा. खा." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तू रे? तू गाडी भंगारात घालणार होतास ना?"

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी इथेच सांगून टाकते, आम्ही हेलपाटे घालून शिकलेल्या. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. गाडी पंधरा वर्षांची झाली की तपासणी करून नोंदणी पुन्हा घ्यावी लागते, आणि मग दर पाच वर्षांनी. आणि गाडी ज्यांच्या नावावर ते माणूस गेले तर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे, तीन महिन्यांत 'नमुना ३१' भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची. दुःखात हे कुणाला सुचत नाही, आमच्याकडेही सुचले नव्हते, आणि विमा अडला की मग रडू येते. मृत्यूचा दाखला, आरसी पुस्तक, विम्याचा कागद एका पिशवीत घालून ती पिशवी घरातल्या बाईला ठाऊक असलेल्या जागी असावी. आणि गाडी पन्नास वर्षांची झाली की २०२१ च्या नियमाप्रमाणे तिला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुढे फेरनोंदणीला पाच हजार. नंबराच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. मग मात्र ती रोजच्या बाजारहाटाला वापरता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. आमची फियाट त्या मानाला २०३२ साली पोचेल.

वारसाच्या नावाचा तो कागद आमच्याकडे राहिलेलाच होता. घाटातून आल्यावर आठ दिवसांनी ह्यांनी तो टेबलावर आणून ठेवला. मी चष्मा लावून वाचू लागले. नवीन मालकाच्या रकान्यात अजून काहीच लिहिलेले नव्हते.

"तुझं नाव घालू की आईचं?" ह्यांनी विचारले.

देवघरातून आवाज आला, "माझं कशाला? मला गिअर येतो का?"

आता आरसी पुस्तकावर माझे नाव आहे. दर गुरुवारी मी फियाट काढते, आत्याबाई मागे बसतात, आणि पुढच्या सीटवर ह्यांच्या मांडीवर डबा असतो.